गुहेतल्या माणसांचा हजेरीपट

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही गिरणीसंपावर नाहीतर कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. गुहेत अडकलेली माणसे आणि त्यांच्या बातम्या, असा विषय आम्ही कळविला. रबाळ्याचा आणि गुहेचा काय संबंध, असे कोणी तोंडाने विचारले नाही, इतकेच. रबाळ्याला गुहा नाही हे खरे. पाठीशी पारसिकचा डोंगर आहे. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला १९१६ सालापासून आगगाड्या बोगद्यातून ये-जा करीत आहेत. आणि अलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने आहेत. ह्या कारखान्यांतून जमिनीखाली टाक्या आहेत, गटारे आहेत, आणि त्यांत उतरणारी माणसे आहेत. त्यांपैकी एका टाकीपाशी आम्ही शेवटी येणारच आहोत. वाट मात्र जरा लांबची आहे, तेवढी श्रोत्यांनी सोसावी.

आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर झाले. इतिहासकाराचा आव आणण्याची आमची इच्छा नाही. कात्रणे कापून ठेवण्याची खोड मात्र जुनी आहे, आणि आज जे सांगणार आहोत ते बरेचसे त्या कात्रणांवरूनच सुचले आहे.

१० जुलै २०१८, मंगळवार. पावसाने मुंबईला झोडपून काढले होते, वसई-नालासोपाऱ्याकडे रुळांवर पाणी होते, आणि आम्ही वेतनकराराच्या बोलणीसंबंधी गेटमीटिंग घेण्यासाठी एका कारखान्यासमोर छत्र्या धरून उभे होतो. तीनला पहिली पाळी सुटली. माणसे बाहेर आली ती आमच्याकडे न येता समोरच्या चहाच्या टपरीकडे गेली. टपरीत एक लहानसा टीव्ही होता. जो येई तो एकच प्रश्न विचारी, “किती निघाले?” कोणीतरी सांगे, “नववा निघाला.” थायलंडमधल्या थाम लुआंग नावाच्या गुहेतून मुले बाहेर काढण्याचा तो तिसरा आणि शेवटचा दिवस होता. महागाई भत्त्याचे आमचे आकडे त्या दिवशी कोणी ऐकले नाहीत. आम्हांला राग आला नाही, कारण आमचेही डोळे टीव्हीकडेच होते.

त्याच वर्षी डिसेंबर संपत आला असता त्याच टपरीपाशी आसामकडचा एक कंत्राटी कामगार आम्हांला गाठून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “भाऊ, त्या खाणीतल्या लोकांचं काय झालं?” आम्ही विचारले, “कुठल्या खाणीतल्या?” त्याने मान हलविली आणि तो निघून गेला. आम्ही त्या रात्री घरी जाऊन पंधरा दिवसांचे अंक चाळले. मेघालयात क्सान नावाच्या ठिकाणी कोळशाच्या खाणीत पाणी शिरून पंधरा माणसे आत राहिली होती. १३ डिसेंबरची घटना. बातमी होती, नव्हती असे नाही. आतल्या पानावर होती. रोज दोन वर्तमानपत्रे वाचणाऱ्या आम्हांला ती दिसली नव्हती. हे व्याख्यान त्या मान हलविण्यातून निघाले आहे.

आता थोडे मागे जाऊ. जमिनीच्या पोटात अडकलेला माणूस ही मोठी बातमी होते हे जगाला प्रथम ठळकपणे दिसले ते १९२५ साली, अमेरिकेतील केंटकी संस्थानात. फ्लॉइड कॉलिन्स हा तिथला गुहा शोधणारा माणूस. त्या भागात गुहा दाखवून प्रवाशांकडून पैसे मिळविण्याचा धंदा होता, आणि गुहामालकांत अशी चुरस होती की प्रवाशांना एकमेकांकडून पळविण्यापर्यंत मजल जाई. कॉलिन्सच्या घरच्यांची स्वतःची गुहा होती, पण ती आडवाटेला. रस्त्याजवळ एखादे नवे तोंड सापडले तर दिवस पालटतील, ह्या आशेने तो ३० जानेवारीला ‘सँड केव्ह’ नावाच्या अरुंद बिळात शिरला आणि परतताना त्याच्या पायावर दगड निखळून पडला. दगड जेमतेम बारा किलोचा. पण बिळात वळायला जागा नसल्यामुळे त्याला तो हलविता येईना. तो मौजेखातर आत गेला नव्हता, पोटासाठी गेला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या गर्दीत ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

लुईव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ पत्राने विल्यम मिलर नावाचा एकवीस वर्षांचा बातमीदार तिकडे धाडला. हा अंगाने किरकोळ. इतरांना जिथे शिरता येईना तिथे तो सरपटत गेला, कॉलिन्सला भेटला, त्याला अन्न भरविले, दगड हलविण्याच्या खटपटीत हात लावला, आणि वर येऊन त्याचे बोलणे लिहून काढले. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच्या मजकुरावरून देशभरची पत्रे आणि तेव्हा नुकताच जन्मलेला रेडिओ ह्यांनी ही बातमी उचलली. मग गुहेच्या तोंडाशी हजारो माणसे लोटली. खाद्यपदार्थांचे विक्रेते आले, फुगेवाले आले. जत्राच म्हणा ना. ४ फेब्रुवारीला वाट खचून कॉलिन्सकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. बाजूने खड्डा खणीत खणीत लोक १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा तो मेलेला होता. दोन वर्षांनी नव्या मालकाने त्याचे शव काचेच्या पेटीत घालून गुहेत प्रवाशांना दाखवायला ठेवले. ज्या धंद्यासाठी तो आत गेला, त्याच धंद्याचा माल होऊन राहिला.

आम्हांला मिलर आणि फुगेवाला ह्या दोघांतला भेद पाहायचा आहे. दोघेही त्याच भोकाच्या तोंडाशी आले होते. एक आत गेला, एक बाहेर उभा राहिला. पुढच्या शंभर वर्षांत ह्या दोन्ही जाती टिकून राहिल्या. बाहेर उभे राहणारे मात्र पुष्कळ वाढले.

आपल्या देशात दुसरी जात भरात आली ती २००६ च्या जुलैत. हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यातल्या हलदाहेडी गावी प्रिन्स नावाचा मुलगा साठ फुटांच्या कूपनलिकेच्या भोकात पडला, सैन्याने बाजूला खड्डा खणून त्याला त्याच्या पाचव्या वाढदिवशी वर काढले, आणि मधले सुमारे पन्नास तास सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. मूल वाचले, सर्वांना आनंद झाला. उघड्या कूपनलिकांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश मात्र २०१० साली निघाले, आणि त्यानंतरही मुले पडतच राहिली. त्या पन्नास तासांत भोक कोणी खणले आणि उघडे कोणी टाकले हे विचारायला वेळ पुष्कळ होता.

आता थाम लुआंग. उत्तर थायलंडमध्ये चिआंग राय प्रांतात, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून असलेली ही सुमारे दहा किलोमीटर लांबीची गुहा. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा प्रशिक्षक आत गेले, पाऊस आला, पाणी भरले. नऊ दिवसांनी, २ जुलैला, दोघा ब्रिटिश पाणबुड्यांना ते तोंडापासून चार किलोमीटरवर एका उंचवट्यावर जिवंत सापडले. बाहेर काढण्याच्या तयारीत ६ जुलैला समान गुनान हा नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या हवेची नळकांडी ठेवून परतताना मेला. ८, ९ आणि १० जुलै अशा तीन दिवसांत चार, चार आणि पाच ह्या हिशेबाने तेराहीजण निघाले. मुलांना पाण्याखाली भीतीने झटापट करता येऊ नये म्हणून गुंगीचे औषध दिले होते.

पाणबुड्यांचे शौर्य सर्वांनी लिहिले, आणि ते लिहिण्याजोगेच होते. पण आम्ही कारखान्यातली माणसे. आमचे लक्ष पंपांकडे गेले. दिवसरात्र पाणी उपसले नसते तर पाणबुड्यांना वाट मिळाली नसती. हे उपसलेले पाणी खालच्या शेतांत गेले, भाताची लावणी बुडाली, आणि त्या शेतकऱ्यांपैकी काहींनी भरपाई घेण्यास नकार दिला. ह्या पंपांच्या कामात आपल्याकडची माणसे होती. बँकॉकच्या भारतीय वकिलातीच्या सूचनेवरून किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञ ५ जुलैपासून गुहेवर होते. त्यांत मराठी अभियंताही होता. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पाणी उपसण्याचे चार मोठे पंप विमानाने पाठविण्याच्या तयारीने ठेवले होते. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून निघालेला हा उद्योग १९१० साली कुंडलच्या माळावर येऊन बसला. त्याच माळावरून १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, म्हणजे पंपांचा आणि मासिकाचा गाव एकच. मराठी पत्रांनी ह्या अभियंत्याच्या बातम्या हौसेने छापल्या. आम्हीही त्या कापून ठेवल्या, आणि गेटवर मिरविल्या. कारखान्यातल्या माणसाचे नाव पहिल्या पानावर वर्षातून कितीदा येते?

थायलंडच्या अधिकाऱ्यांची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. ८ जुलैच्या सकाळी त्यांनी जगभरच्या शेकडो बातमीदारांना गुहेच्या तोंडापासून हलविले. पहिल्या दिवशी निघालेल्या चौघांची नावे जाहीर केली नाहीत. आईबापांनाही सांगितली नाहीत. ज्यांची मुले अजून आत होती त्यांच्या जिवाचा विचार त्यात होता. पुढे १८ जुलैला मुले बातमीदारांसमोर आली तेव्हा प्रश्न आधी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून दिले होते. बातमी अडविली असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, बातमीला रांगेत उभे केले.

आणि आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहिली नाही ती. त्या तेराजणांपैकी तीन मुले आणि प्रशिक्षक हे कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. सीमेवरच्या डोंगराळ भागातली ही माणसे. कागदावर त्यांचे अस्तित्व नव्हते. ब्रिटिश पाणबुड्यांशी इंग्रजीत बोलला तो मुलगा ह्यांतलाच. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले. गुहेत अडकले नसते, तर ते केव्हा मिळाले असते हे आम्ही सांगू शकत नाही. पण कॅमेऱ्याने एक काम केले ते हे, आणि ते लहान नव्हे.

ह्या पार्श्वभूमीवर क्सानकडे पाहा. तिथल्या खाणी म्हणजे उंदराची बिळे. खाली शेकडो फूट उभा खड्डा, आणि त्याच्या तळाशी दोन-तीन फूट उंचीची आडवी भोके. त्यांत माणूस कुदळ घेऊन रांगत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली ही पद्धत बंद केली होती. कागदावर बंद, जमिनीत चालू. सुमारे ३७० फूट खोल अशा एका खड्ड्यात १३ डिसेंबर २०१८ रोजी पाणी घुसले. राष्ट्रीय आपत्ती निवारण दलाची माणसे गेली, त्यांच्यापाशी पंप होते ते २५ अश्वशक्तीचे दोन. १०० अश्वशक्तीचे पंप हवेत, अशी मागणी झाली. ते पंप आणि ते चालविणारी माणसे पोचू लागली ती डिसेंबरच्या २८-२९ तारखेला. ओरिसाच्या अग्निशमन दलाचे पंप हवाई दलाने आणले, कोल इंडियाचे लोक आले, आणि त्यांच्याबरोबर, श्रोतेहो, किर्लोस्कर ब्रदर्सचेही लोक आले. म्हणजे जुलैत परदेशातल्या गुहेसाठी ज्यांनी धाव घेतली, त्यांनाच आपल्याच देशातल्या खड्ड्यापाशी पोचायला पंधरा दिवस लागले. दोष त्यांचा नव्हे. बोलावल्यावाचून पंप जात नाही. ३ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ह्या दिरंगाईबद्दल खडसावले. २ मार्चला शोध थांबला, तोवर दोन मृतदेह हाती लागले होते. तेराजण तिथेच राहिले.

फरक कशाने पडला? लहान मुले आणि मजूर, हा फरक आहेच. थाम लुआंगला पोचायला पक्का रस्ता, क्सानला डोंगरातली वाट, हेही आहे. पण कात्रणे पुढे ठेवून पुन्हा पुन्हा पाहताना आम्हांला एक दुसरीच गोष्ट दिसली. थायलंडच्या बातमीत पहिल्या दिवसापासून आकडा पक्का होता: बारा अधिक एक. प्रत्येकाचे नाव, वय, छायाचित्र. टपरीवरचा “किती निघाले?” हा प्रश्न विचारता आला, कारण किती आत आहेत हे ठाऊक होते. क्सानच्या बातम्यांत आधी तेरा, मग पंधरा. खाण बेकायदा, मालकाने हजेरीपट ठेवलाच नव्हता. ठेवला असता तर तो त्याच्याविरुद्ध पुरावा झाला असता. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी घड्याळ लावून कोण बसणार?

संघटनेचे काम करणाऱ्याला हजेरीपट ही काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. ठेकेदाराशी आमचे निम्मे आयुष्य त्याच एका वहीवरून भांडण्यात गेले. भोर घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ ते १८६३ सालांत झाले; पंचवीस बोगदे, एका वेळी चाळीस हजारांवर माणसे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून तिथे दंगा उसळला होता. पटकीने आणि तापाने माणसे हजारांनी मेली. इंग्रज ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत मेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसबाईने, काम पुढे नेले, हे ग्रंथांत नावानिशी सापडते, आणि ते वाचून आम्हांला तिचे कौतुकही वाटले. खोरे चालविणाऱ्यांची नावे मुकादमाच्या डोक्यात होती. मुकादम गेला, नावे गेली. कोकण रेल्वेच्या वेळी, म्हणजे शतक-सव्वाशतकाने, परिस्थिती इतपत सुधारली की कामावर मेलेल्यांसाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभे राहिले.

सिलक्यारा सर्वांच्या आठवणीत ताजे आहे. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात साडेचार किलोमीटरचा बोगदा खणला जात होता. १२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो मधेच खचला आणि पलीकडे मजूर अडकले. ठेकेदाराच्या यादीप्रमाणे चाळीस. सहाव्या दिवशी उमगले की ते एकेचाळीस आहेत. बिहारमधल्या मुझफ्फरपूरकडचा एक माणूस यादीत नव्हता. तो जिवंत होता, दगडामातीच्या ढिगापलीकडे बसलेला होता, नळीतून आलेले चणे-मुरमुरे इतरांबरोबर खात होता, आणि सहा दिवस तो मोजणीत नव्हता! ही बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी विरून गेली. आम्हांला सबंध सिलक्यारात हीच बातमी सर्वांत मोठी वाटते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. २० नोव्हेंबरला सहा इंची नळी आत पोचली, त्यातून गरम खिचडी गेली. २१ तारखेला नळीतून कॅमेरा गेला आणि चेहरे दिसले. त्याच दिवशी केंद्राच्या माहिती खात्याने वाहिन्यांना सूचना काढली की सुटकेच्या कामाला भडक रूप देऊ नका, कामाच्या अगदी जवळून थेट प्रक्षेपण करू नका. सूचना योग्यच होती. निवेदक मंडळी बोगद्याची चित्रे काढून त्यांत उभी राहून ओरडत होती. परदेशी बनावटीचे छिद्र पाडणारे यंत्र लोखंडात अडकून मोडले. मग दिल्लीहून हाताने बीळ खोदणारे बारा मजूर आले, नळीत शिरून त्यांनी छन्नी-फावड्याने उरलेला ढीग एका दिवसात फोडला, आणि २८ नोव्हेंबरच्या रात्री, सतराव्या दिवशी, एकेचाळीसजण बाहेर आले. ज्या पद्धतीवर बंदी, तीच कामी आली. त्यांना खांद्यावर घेऊन नाचले, हार घातले. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्या बारांपैकी एकाचे दिल्लीतले घर अतिक्रमण म्हणून पाडले गेले.

त्या सतरा दिवसांत काही बातमीदारांनी एक प्रश्न विचारला, त्यांना आमचा नमस्कार. २०१८ साली ह्या बोगद्याला मंजुरी मिळाली तेव्हाच्या सरकारी पत्रकात सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता. तो मार्ग कुठे आहे? हा प्रश्न विचारणारे मिलरच्या जातीचे. ते थोडे होते, आणि माणसे बाहेर आल्यावर त्यांचे ऐकायला कोणी थांबले नाही. चांगला शेवट झाला की चौकशी कंटाळवाणी वाटते. शेवट वाईट झाला किंवा झालाच नाही, तरीही तेच. आपल्याच बाजूला, वसईच्या हद्दीत ससूनवघरला, सूर्या पाणीयोजनेच्या बोगद्याच्या खड्ड्यात २९ मे २०२४ रोजी माती ढासळून खोदयंत्राचा चालक यंत्रासकट गाडला गेला. सैन्य आले, नौदल आले, पंधरवडा लोटला तरी तो हाती लागला नव्हता, आणि तोवर बातमी केव्हाच आतल्या पानावर गेली होती. रबाळ्याहून ते ठिकाण घोडबंदर रस्त्याने तासाभराच्या वाटेवर आहे.

आता ती टाकी. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे आणि माणसांची नावे सांगत नाही. दूषित पाण्याच्या टाकीतला पंप गाळाने तुंबला म्हणून एकजण शिडीने उतरला आणि तळाशी कोसळला. दुसरा त्याला काढायला उतरला, तोही राहिला. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३६ वे कलम आम्हांला पाठ होते: आतला वायू तपासून सक्षम माणसाने लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वासाचे साधन लावावे, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. तिथे दाखला नव्हता, पट्टा नव्हता, दोर नव्हता. खरे सांगायचे तर आमची संघटना त्या कारखान्यात तीन वर्षे होती आणि ती टाकी आम्ही एकदाही पाहिली नव्हती. बोनस, भत्ता, सुट्या, ह्यांतच आमचे डोके असे.

पहिला माणूस कायम कामगार, त्याचे सर्व रीतसर झाले. दुसरा आपला नव्हेच, असे ठेकेदार म्हणाला. हजेरीपटावर त्याचे नाव नाही, तो कोण, कशाला आला, आम्हांला माहीत नाही. कारखानाही तेच म्हणाला. माणूस मेला होता आणि तो तिथे नव्हता! त्याच्या बायकोला घेऊन आम्ही नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी गेलो, तेव्हा पहिला प्रश्न आला: कामावर होता ह्याला पुरावा काय?

पुरावा निघाला तो ठाण्याच्या पानावरच्या चार ओळींच्या बातमीतून. तीत दोन्ही नावे छापली होती. दुसऱ्याचे नाव बातमीदाराला कोणी सांगितले? कात्रण हा काही पुरावा नव्हे, हे आम्हांलाही कळत होते. आम्ही त्या बातमीदाराला शोधून काढले. साधा माणूस, सायकलवरून फिरणारा, दिवसाला पाच-सहा बातम्या देऊन पोट भरणारा. त्याने जुनी टिपणवही काढली. नाव त्याला गेटवरच्या रखवालदाराने सांगितले होते. अपघाताची बातमी कळताच तो रात्री गेटवर गेला होता, आत सोडेनात म्हणून रखवालदाराशी बोलत बसला होता आणि “दोघांचीही नावं सांगा, एकाचं नको” असा त्याने आग्रह धरला होता. रखवालदार तोवर गावी निघून गेला होता, सातारा जिल्ह्यात. आम्ही गेलो. त्याने सांगितले की कंत्राटी माणसांची नावे गेटच्या वेगळ्या वहीत लिहीत असू. ती वही मागवून घेण्यात, ती हरवली आहे असे दोनदा ऐकण्यात आणि अखेर ती सापडण्यात चार वर्षे गेली. पहिल्या पाळीच्या रकान्यात, आत येण्याच्या वेळेसह, त्याचे नाव होते. बाहेर जाण्याची वेळ कोरी होती.

बाईला पैसे मिळाले. किती ते सांगण्यासारखे नाहीत. तिच्या मुलाने पुढे आय्‌टीआय्‌ केले, आणि आता तो ह्याच पट्ट्यात वीजतंत्री आहे.

तो बातमीदार आता थकला आहे, ऐरोलीला मुलाकडे असतो. सिलक्याराची माणसे बाहेर आली त्या रात्री त्याचा फोन आला. आम्हांला वाटले, आनंद सांगायला केला असेल. तो म्हणाला, “एकेचाळीस आले ना हो? मी मोजले, पण टीव्हीवर मधेच जाहिरात लागली.” आम्ही म्हटले, “आले. सगळे आले.” तो म्हणाला, “यादीत नव्हता तोही?” आम्ही म्हटले, “तोही.” मग त्याने तब्येतीचे विचारले, आणि फोन ठेवला.